बेचक्याची फळी

रामोजीअण्णा गिऱ्हाइकाच्या हातात पेटी द्यायचे ती नेहमी पाठीकडून. नवा माणूस गोंधळायचा. झाकण, कुलपाची जागा, सगळी शोभा पुढच्या बाजूला, आणि हे मागचा उजवा कोपरा त्याच्या नाकासमोर धरून म्हणायचे, "आधी हे बघा. इथं जुळलेलं नाही."

खरंच जुळलेलं नसायचं. पेटीच्या चारही भिंती ते एकाच लांब पट्टीतून काढत. त्यामुळे लाकडातली लहर पुढून निघायची, कोपऱ्यावरून वळायची आणि कमरेला पट्टा बांधावा तशी पेटीभोवती फिरून यायची. तीन कोपऱ्यांवर ती अखंड असायची. चौथ्या कोपऱ्यावर मात्र पट्टीचं पहिलं टोक शेवटच्या टोकाला भेटायचं, आणि ती दोन टोकं झाडाच्या पोटात एकमेकांपासून दोन हात लांब वाढलेली. ती कशी जुळणार? तो कोपरा अण्णा मागं ठेवत, आणि दाखवताना पहिल्यांदा तोच दाखवत.

"तुम्हाला घरी गेल्यावर दिसलं तर तुम्ही म्हणणार, रामोजीनं लपवलं," ते म्हणायचे. "मीच दाखवलं की तुम्ही म्हणता, हात्तिच्या, एवढंच होय!"

मी बेळगावची. लग्न होऊन बेंगळूरला आले ती सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या सुमाराला. आमचे हे एका कारखान्यात नकाशे काढायच्या कामावर होते. गवीपुरात रामोजीअण्णांच्या घराचा पुढचा अर्धा भाग आम्ही भाड्यानं घेतला होता. मागच्या भागात अण्णा आणि त्यांची बायको रुक्माक्का राहायचे. दोन मुली होत्या, दोघी लग्न होऊन गेलेल्या. मागच्या अंगणात फणसाच्या झाडाखाली मंगलोरी कौलांची शेड होती. तिथं अण्णांचं काम चालायचं. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्या शेडवर उघडत असे, म्हणून आठ वर्षं मी तो माणूस रोज पाहिला.

अण्णांचं घराणं पाच-सहा पिढ्यांपासून बेंगळूरचं. घरात मराठी बोलत, पण ती ऐकून पहिले काही दिवस मी हसू आवरत होते. "अक्का, नळाला नीर आलं काय? सरी, स्वल्प थांब, रुक्मा येतीया," असं त्यांचं बोलणं. मी वयानं त्यांच्या मुलीएवढी, तरी मला ते पहिल्या दिवसापासून 'सुमनक्का' म्हणत. माझ्या मराठीला तेही हसायचेच. "तुझी मराठी इस्त्री केलेली," म्हणायचे. "नेसून बसायला भीती वाटते."

उंच, किडकिडीत देह, अंगात बिनबाह्यांची बंडी, कमरेला पांढरं पंचेवजा धोतर आणि उजव्या कानावर पेन्सिल. त्यांना एकच व्यसन होतं, तपकिरीचं. तिला ते नश्य म्हणत. सकाळी कामाला बसताना, दहाच्या कॉफीनंतर, दुपारी जेवून उठल्यावर आणि संध्याकाळी हत्यारं पुसून ठेवताना, अशा चार चिमटी ठरलेल्या, आणि प्रत्येक चिमटीमागून एक शिंक. ती शिंक अशी असायची की फणसावरचे कावळे उडून जायचे. आमच्या घरात दुपारच्या शिंकेवर मी घड्याळ लावत असे.

काम ते बहुतेक शिसवीचं करत. त्याला ते कानडी नावानं बीटे म्हणत. पण साधं, सरळ रेषांचं शिसवी त्यांना नको असायचं. म्हैसूर रोडवरच्या वखारींतून ते असे तुकडे हुडकून आणत, जे खुर्च्या-टेबलं करणारे सुतार बाजूला टाकतात. वेडेवाकडे, गाठींचे, ज्यांच्यावर रंधा धड चालत नाही असे. रंधा मारला की अशा लाकडाचे तंतू उपसून येतात. म्हणून अण्णा शेवटचा हात रंध्यानं नव्हे तर फुटक्या काचेच्या धारेनं द्यायचे, तासन्‌तास, हलक्या हातानं. शेडच्या कोपऱ्यात एका डब्यात त्यांनी काचांचे तुकडे ठेवलेले असत, आणि आळीतल्या कुणाच्या घरी खिडकीची काच फुटली की ती अण्णांकडे पोचती व्हायची.

कच्ची फळी दिसायला अगदीच धुळकट असते. अण्णा ओलं फडकं घेऊन तिच्यावरून एकदा फिरवत, आणि त्या क्षणी आतलं सगळं वर यायचं. काळ्या-जांभळ्या लाटा, मधेच मधाच्या रंगाच्या रेघा, कुठं धुराची वेटोळी. पाणी सुकेपर्यंतच ते दिसायचं, म्हणून त्यांना घाई. "सुमनक्का, ये ये, बेग बेग ये!" अशी हाक आली की मी पिठाच्या हातानं धावायची. रुक्माक्का यायची. दारावर भाजीवाली असली तर तीही टोपली उतरवून यायची.

"काय दिसतं?" अण्णा विचारत.

मला नदीकाठची वाळू दिसली की रुक्माक्काला शेवयांचा गुंता दिसायचा. भाजीवाली एकदा म्हणाली, माझ्या सासूच्या कपाळावरच्या आठ्या आहेत. अण्णा प्रत्येकीचं मन लावून ऐकत. मग फळी सुके आणि पुन्हा धुळकट होऊन भिंतीला टेकून बसे.

गिऱ्हाइकांपुढं ते नमत नसत, पण भांडतही नसत. एकदा एका बड्या अधिकाऱ्याची बायको मोटारीतून आली. तिला दिल्लीच्या कुणाला भेट द्यायला पेटी हवी होती आणि झाकणावर अंबारीचा हत्ती कोरून हवा होता. अण्णांनी झाकणासाठी काढलेली फळी पाण्यानं पुसून तिच्यापुढं धरली.

"बाई, ह्यात आधीच चित्र आहे. त्याच्यावर मी हत्ती उभा केला तर खालचं तुडवलं जाईल."

बाई रागावून मोटारीत जाऊन बसली. मोटार वळणावरून दिसेनाशी झाली. अण्णांनी फळी उलटी करून ठेवली आणि कॉफी मागितली. कॉफी पिऊन होते न होते तोच मोटारीचा ड्रायव्हर चालत परत आला. म्हणाला, "अम्मांनी सांगितलंय, हत्ती नको."

शेडच्या वाशांवर आडवी ठेवलेली एक फळी मात्र अण्णा कुणाला दाखवत नसत. मलाही ती दोन वर्षांनी पाहायला मिळाली. झाडाचं खोड जिथं दुभंगून दोन फांद्या निघतात, त्या बेचक्यातून चिरलेली ती फळी होती. चार बोटं जाड, हातभर रुंद. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत त्यांनी ती एका वखारीतून आणली होती. वखारवाला ती जळणात काढणार होता. हातगाडीवर घालून, तिच्यावर हात ठेवून, अण्णा घरापर्यंत चालत आले होते.

माझ्यासमोर त्यांनी ती पुसली. खालून एक काळा देठ निघालेला आणि त्याच्या दोन्ही अंगांनी सोनेरी, तांबूस, जांभळे तंतू पिसाऱ्यासारखे वर उघडत गेलेले. लाकूड आहे हे विसरायला होत होतं.

"एवढी वर्षं का ठेवलीत?" मी विचारलं.

"हात आला नाही तेवढा," ते म्हणाले. "एकदा करवत लागली की परत जोडता येत नाही, अक्का. हात आला की कापीन."

साठ सालानंतर केव्हातरी अण्णा बदलायला लागले. आधी ते वर्तमानपत्राला नावं ठेवू लागले. म्हणे शाई हलकी वापरतात आता. मग फणसाच्या झाडाची एक फांदी तोडवून घेतली, शेडमध्ये उजेड येत नाही म्हणून. आणि महिन्याभरानं त्याच बाजूला गोणपाट लावलं, ऊन डोळ्यांवर येतं म्हणून. मला वाटलं, वय झालं, माणूस चिडचिडा होतो. फडकं घेऊन हाका मारणं मात्र थांबलं नव्हतं, उलट वाढलं होतं. फक्त आता "काय दिसतं?" एवढ्यावर ते थांबत नसत. "लाट कुठून सुरू होते? डावीकडून? काळी रेघ किती बोटांवर आहे? बोट ठेवून दाखव बघू." मी बोट ठेवायची आणि ते माझ्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवत. मला वाटायचं, माझी परीक्षा घेतायत.

त्या काळात त्यांनी तीन पेट्या केल्या. त्या देताना ते मागचा कोपरा दाखवायचे, पण बोटांनी तो आधी चाचपून घेत. हे माझ्या लक्षात आलं होतं. तरी त्याचा अर्थ मी लावला नाही, याची मला आजही चुटपुट लागते.

मग एका सकाळी हाक आली, पण ती नेहमीसारखी नव्हती. हळू आवाजात होती. "सुमनक्का, जरा ये. एकटी ये."

मी गेले. बेचक्याची फळी खाली उतरवून करवतीच्या लाकडी घोड्यावर ठेवलेली होती. शेजारी मोठी करवत. अण्णांनी फळी पुसून ओली केली होती आणि माझ्या हातात खडू दिला.

"पिसारा कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो, तिथं दोन रेघा मार. देठ बरोबर मधे यायला पाहिजे."

"आज कापणार?"

"आज."

मी खडू घेऊन वाकले. पिसारा कुठं सुरू होत होता हे मला दिसत होतं आणि दिसतही नव्हतं. एक सोनेरी तंतू धरला तर दुसरा त्याच्याही बाहेर जात होता. मी म्हणाले, "अण्णा, मला नाही जमणार. चुकलं तर? तुम्हीच मारा."

पाणी सुकत चाललं होतं.

"मारा ना अण्णा, सुकतंय."

"मला दिसत नाही, अक्का," ते म्हणाले. "पाणी दिसत नाही, लाट दिसत नाही. तू आहेस एवढं दिसतं. तुझं तोंड दिसत नाही. पुढल्या वर्षी तेवढंही दिसायचं नाही. म्हणून आज कापतो."

माझ्या हातातून खडू पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. मी वळून पाहिलं तर शेडच्या दारात रुक्माक्का उभी होती. अण्णांनाही पावलांचा आवाज आला असावा. त्यांनी मान खाली घातली.

"तिला सांगू नको," ते मला म्हणाले.

"काय सांगायचं राहिलंय मला?" रुक्माक्का म्हणाली. "वर्षभर तुमच्या पटाशा रोज संध्याकाळी कोण लावून ठेवतं? रुंद डावीकडं, बारीक उजवीकडं. एक दिवस तरी चुकल्या काय?"

अण्णांनी मान वर केली. रोज सकाळी हात घातला की हवी ती पटाशी हाताला लागत होती. ती आपली सवय आहे असं ते समजत होते. बायकोपासून त्यांनी वर्षभर लपवलं होतं, आणि आपल्याला कळलंय हे बायकोनं त्यांच्यापासून.

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सांगितलं नाही, मग मी कशी सांगू? तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

त्या दोघांना तिथं ठेवून मी निघणार होते, पण रुक्माक्कानं माझा हात धरला. म्हणाली, "तू बोल. माझं ऐकत नाहीत."

फळी न कापताच परत वाशांवर गेली. दोन दिवस आम्ही त्यांना समजावत होतो. डोळ्यांत मोतीबिंदू होता हे उघड होतं. ऑपरेशन करून घ्या म्हटलं की अण्णा उठून जात. शेवटी त्यांनी कारण सांगितलं. त्यांचे थोरले भाऊ कोलारकडं राहायचे. गावात आलेल्या एका फिरत्या वैदूनं सुई घालून त्यांचा मोतीबिंदू मागं ढकलला होता. चार दिवस त्यांना लख्ख दिसलं, आणि पाचव्या दिवशी डोळा पिकून कायमचा गेला. ते चार दिवस भाऊ सगळं जग बघत फिरत होते, असं अण्णा म्हणाले. "त्याच्यापेक्षा न दिसलेलं बरं."

आमचे हे सहसा मधे पडत नसत. पण त्या दिवशी ते सरकारी डोळ्यांच्या हॉस्पिटलात जाऊन आले, तिथल्या डॉक्टरांना भेटले आणि घरी येऊन अण्णांपुढं बसले. "अण्णा, डॉक्टर सुईनं ढकलत नाहीत. कापून बाहेर काढतात आणि टाका घालतात. मी विचारलं, टाका केवढा? ते म्हणाले, केसाएवढ्या दोऱ्याचा."

अण्णांनी पहिल्यांदा कान दिला. "सांधा कसा बसवतात?"

"तेवढं मी विचारलं नाही."

"मग मी जाऊन विचारतो," अण्णा म्हणाले, आणि असे ते हॉस्पिटलात गेले. डॉक्टरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं असावं, कारण परत आले ते तारीख घेऊनच. फक्त चेहरा उतरलेला होता. ऑपरेशननंतर आठ दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी, उताणं पडून राहायचं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, हसायचं नाही. आणि शिंकायचं तर मुळीच नाही. एक जोराची शिंक आली तर टाका सुटून डोळा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

तपकीर त्यांनी त्याच दिवशी सोडली. डबी रुक्माक्काच्या हातात दिली. पण अंगाची सवय डबीबरोबर जात नाही. चिमूट नसतानाही त्या चार वेळांना शिंक यायचीच. महिन्याभरात सकाळची गेली, संध्याकाळची गेली. दहाच्या कॉफीनंतरची अधूनमधून चुकायला लागली. दुपारची मात्र जाईना. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही ती आली आणि रुक्माक्का पदरानं तोंड झाकून आत निघून गेली.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. रोज दुपारी मी डबा घेऊन जात असे. रुक्माक्का कॉटजवळून हलतच नव्हती. तिसऱ्या दिवशी मी तिथं होते. अण्णांना चमच्यानं भात-सार भरवून झालं, तोंड पुसून झालं, आणि एकदम त्यांच्या नाकपुड्या थरथरल्या.

"रुक्मा," ते पुटपुटले. "येतीया."

रुक्माक्कानं वाटी टाकली. डाव्या हाताचा तळवा त्यांच्या छातीवर ठेवला आणि उजव्या हाताचा अंगठा त्यांच्या नाकाखाली, वरच्या ओठावर गच्च दाबला. अण्णांचे दोन्ही पाय ताठ झाले. हातांनी कॉटच्या लोखंडी पट्ट्या धरल्या. मी वाळूच्या पिशव्या दोन्हीकडून घट्ट धरून उभी राहिले. अण्णांचं तोंड उघडलं, श्वास आत गेला, आणखी आत गेला, आणि तिथंच अडकून राहिला. किती वेळ ते सांगता येणार नाही. मला मात्र बेळगावच्या सगळ्या देवांची नावं घेऊन झाली.

मग श्वास हळूहळू बाहेर आला. नुसता श्वास.

"गेली?" रुक्माक्कानं विचारलं.

"गेली," अण्णा म्हणाले. आणि त्यांना हसू यायला लागलं. पोट हलायला लागलं.

"हसू नका! हसायचं पण नाही!" रुक्माक्का ओरडली, आणि स्वतःच हसत रडायला लागली. तिचा अंगठा अजून तिथंच होता. तिनं तो काढला तेव्हा अण्णांच्या ओठावर नखाची लाल चंद्रकोर उमटली होती.

पुढच्या पाच दुपारी आम्ही दोघी तयारीनं बसलो. शिंक परत आली नाही.

नवव्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टर स्टुलावर बसले होते. त्यांनी एक जाड भिंग अण्णांच्या डोळ्यासमोर धरलं आणि विचारलं, "काय दिसतंय?" मान खाली घालून अण्णा कुठंतरी बघत राहिले. रुक्माक्कानं माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी टिचली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"डॉक्टर," अण्णा म्हणाले, "हा स्टूल तुम्हाला सागवानी म्हणून दिला काय कुणी?"

"का?"

"फसवलंय. हे मत्ती आहे. वर रंग मारलाय."

मत्ती म्हणजे आपल्याकडचा ऐन. डॉक्टर मोठ्यानं हसले, उठले आणि त्यांनी स्टूल उलटा करून पाहिला. तो सरळ करून ठेवल्याबरोबर रुक्माक्का त्याच्यावर मटकन बसली.

घरी आल्यावर, जाड भिंगांचा चष्मा लागल्यावर, अण्णांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे न दिसणाऱ्या दिवसांत केलेल्या तीन पेट्या तपासायला निघाले. दोन परगावी गेल्या होत्या. तिसरी बसवनगुडीतल्या एका म्हाताऱ्या अय्यंगार वकिलांकडं होती. अण्णा मला बरोबर घेऊन गेले, वाटेत रस्ता ओलांडायला अजून धीर होत नव्हता म्हणून. वकिलांनी पेटी आणून दिली. अण्णांनी ती उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा पडला.

"लाट उलटी आहे. झाकणावर खालची बाजू वर गेलीय. मला परत द्या, मी नवी करून देतो."

वकिलांनी झाकण उघडलं आणि सोडून दिलं. झाकण पडलं नाही. आतली हवा हळूच बाहेर सोडत ते असं खाली बसलं की शेवटी फक्त एक सुस्कारा ऐकू आला.

"असं तुमच्या दुसऱ्या कुठल्या पेटीचं बसतं?" वकिलांनी विचारलं.

अण्णांनी तीनदा झाकण उघडून सोडून पाहिलं. डोळ्यांचा भरवसा नव्हता तेव्हा सगळं बोटांनी केलेलं. "नाही," ते कबूल झाले.

"मग ही माझी. लाट मी सुलटी बघीन." आणि वकिलांनी पेटी त्यांच्या हातातून काढून घेतली. येताना अण्णा अर्धा रस्ता चिडलेले होते. उरलेला अर्धा रस्ता तोंडानं तो सुस्काऱ्याचा आवाज काढत होते.

त्यानंतर दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, बेचक्याची फळी पुन्हा खाली आली. खडूच्या रेघा अण्णांनी स्वतः मारल्या. लांबी कापून झाली. आता ती जाडीतून उभी चिरायची होती, पुस्तक उघडावं तसे पिसाऱ्याचे दोन भाग झाकणावर शेजारी यावेत म्हणून. करवतीचं दुसरं टोक आमच्या ह्यांनी धरलं. "मी आयुष्यभर रेघा कागदावर मारल्या," हे म्हणत होते, "ही पहिली खरी." रुक्माक्का आणि मी दारात उभ्या.

अर्ध्यावर करवतीचा आवाज बदलला. भरीव आवाज जाऊन खरखर यायला लागली. अण्णा थांबले. अशा बेचक्यात कधी कधी झाडानं आपलीच साल आत गिळलेली असते, आणि तिथं लाकूड पोकळ निघतं. वीस वर्षं राखलेली फळी आतून भुसा असू शकते, हे त्यांना माहीत होतं. आम्हाला ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"थांबूया?" ह्यांनी विचारलं.

"आता कसलं थांबायचं," अण्णा म्हणाले. "ओढा."

चिर पूर्ण झाली. अण्णांनी दोन्ही भाग वेगळे केले, पुस्तकासारखे उघडले, आणि फडकं न मागता तळहातावर पाण्याचा शिपका घेऊन फिरवला. पोकळी होती. एका कडेला, बोटभर लांब, साल भरलेली. झाकणाच्या मापाबाहेर राहणारी. मधे मात्र दोन्ही भागांतला काळा देठ शाबूत होता आणि दोन पिसारे एकमेकांकडं तोंड करून उघडले होते, आधीच्यापेक्षाही दाट. अण्णांनी चष्मा काढला, बंडीला पुसला, परत घातला आणि ते जमिनीवर भुशात बसले.

"रुक्मा," ते म्हणाले, "कॉफी कर. सगळ्यांना. साखर जास्त."

त्या पेटीला पावणेदोन महिने लागले. काचेनं घासून, लाखेचं पॉलिश चिंधीच्या बोळ्यानं हातावर हात देऊन ती तयार झाली तेव्हा गवीपुरातली निम्मी माणसं बघून गेली. हत्तीवाल्या बाईंना कुठून तरी कळलं, त्याही आल्या. अण्णांनी पेटी विकायला नाही म्हणून सांगितलं आणि ती रुक्माक्काला दिली.

चार दिवसांनी मी सहज विचारलं, काय ठेवलंत त्या पेटीत? रुक्माक्कानं उघडून दाखवलं. रेशनकार्ड, सुई-दोरा, केसांच्या पिना, मुलींची आलेली पत्रं आणि खोकल्यावरची खडीसाखर. मला फार लागलं. मी अण्णांकडं तक्रार केली.

"मग काय ठेवायचं?" अण्णा म्हणाले. "रोज दहा वेळा उघडते ती. चांगलं आहे की! कपाटात बंद राहिली असती तर मला ऑपरेशन वाया गेल्यासारखं वाटलं असतं."

सहासष्टमध्ये ह्यांची पुण्याला बदली झाली. निघायच्या आठवड्यात बसवनगुडीची शेंगांची जत्रा होती. सामान बांधून कंटाळले होते, म्हणून मी भर दुपारी एकटीच गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भुईमुगाच्या शेंगांचे ढीग, पायाखाली टरफलं, माणसांची रेटारेटी. बैलाच्या देवळाकडं वळताना मला एका बांगडीवाल्यापुढं रुक्माक्का आणि अण्णा दिसले. मी हाक मारणार होते, पण थांबले.

अण्णांनी रुक्माक्काचं मनगट धरून उन्हात पुढं ओढलं होतं. त्यांच्या दुसऱ्या हातात बांगड्यांच्या दोन जोड्या होत्या, आणि ते एकदा ही, एकदा ती तिच्या हाताशी धरून बघत होते. रुक्माक्का लाजून इकडंतिकडं पाहत होती. बांगडीवाला वैतागला होता.

"यजमान, दोन्ही हिरव्याच आहेत. कुठल्याही घ्या की!"

अण्णांनी जाड चष्म्यातून त्याच्याकडं रोखून पाहिलं.

"ही पोपटी, ही शेवाळी," ते म्हणाले. "दिसत नाही काय रे तुला?"